शेवटच्या रविवारी माझं तोंड भिंतीकडे

मी बोलतोय, पण माझं तोंड भिंतीकडे आहे. आवाज जरा दबका आला तर सांभाळून घ्या.

मी व्हॉलीबॉलच्या हॉलमधला गुणांचा फळा. आज हंगामाचा शेवटचा रविवार आहे आणि माझ्या पाठीमागे अंतिम सामना चालू आहे. शिट्टी, बुटांची करकर, गॅलरीतला कल्ला, सगळं ऐकू येतंय. दिसते आहे ती फक्त भिंत, आणि तिलाही ओल आली आहे. माझ्या पाठीवरच्या खिळ्याला कोणीतरी जेवणाचा डबा अडकवलाय. आतला चमचा मघापासून खुळखुळतोय. सहा महिने ज्याच्याकडे बघत लोक नखं खात उभे राहायचे, त्याची शेवटच्या दिवशी खुंटी होते. असो. तक्रार करायची नाही असं सकाळीच ठरवलं होतं, आणि बोलायला लागल्या लागल्या केलीच.

माझा जन्म या हॉलमधला नाही. आधी मी एका शाळेत होतो, पूर्ण फळा. चौथीच्या वर्गात. मग एका उन्हाळ्यात मला मधोमध तडा गेला. शाळेने मला काढलं आणि एका सुताराने करवतीने माझे सरळ दोन भाग केले. मला पाठीवर थापटत तो म्हणाला, "चांगला अर्धा तो हा." दुसऱ्या अर्ध्यालाही त्याने हेच सांगितलं असणार. त्याने माझ्या अंगावर आकड्यांच्या पत्री पाट्या टांगायला हुक ठोकले, वर तार बांधली आणि मला इथे आणून लटकवलं.

शाळेतल्या दिवसांतलं फार काही आठवत नाही. खडूची धूळ नाकातोंडात जाऊन आठवणी जरा पांढुरक्याच झाल्यात. एक मुलगी मात्र आठवते. वर्षभर गणितं सोडवायला बाई तिलाच पुढे बोलवायच्या, आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी ती तापाने फणफणली होती. निकाल लागला तेव्हा बाई हळहळल्या, म्हणाल्या, "पण परीक्षा म्हणजे परीक्षा." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. फळ्याने म्हणूही नये. पण त्या मुलीच्या हाताचा दाब मला वर्षभर माहीत होता, आणि उत्तरपत्रिकेला फक्त एक सकाळ माहीत होती.

या हॉलमध्ये बायकांची लीग चालते. सहा संघ, सगळे नोकरीच्या ठिकाणांचे. दवाखाना, बेकरी, शाळा, बस डेपो, टपाल कचेरी आणि शिवणकारखाना. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो. जिंकलं की दोन गुण, हरलं की हात हलवत घरी. जो संघ अजिंक्य ठरेल त्याला कप मिळतो. आणि कपाहून मोठी एक गोष्ट मिळते. पुढच्या वर्षभरासाठी सरावाचा तास तो संघ सगळ्यांत आधी निवडतो. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकतात. हॉल एकच आहे, आणि सगळ्यांनाच हवा असतो तो संध्याकाळी सहाचा तास. कपाला काय, कपाटात धूळ खायची असते. तासावर मात्र कोणाचं तरी खेळणं राहतं नाहीतर सुटतं.

फार पूर्वी बाद फेरी नव्हती. हंगाम संपताना माझ्या अंगावर ज्याचा आकडा मोठा, तो अजिंक्य. तेव्हा माझा रुबाब होता. पण खोटं कशाला बोलू? एक वर्ष असं आलं की बेकरीच्या बायकांनी सगळ्यांना पीठ मळावं तसं मळलं. हंगाम बराच बाकी असतानाच अजिंक्य कोण ते ठरून गेलं. मग कोणी कशाला यावं? शिवणकारखान्याच्या बायका यायच्याच बंद झाल्या. टपाल आणि शाळा तर एकमेकींना, "घे गं तूच जिंक, मला घरी पाहुणे आहेत," असं उघड म्हणायला लागल्या. गॅलरीत आमचे सेक्रेटरी काका एकटे बसलेले असायचे, आणि प्रत्येक चांगल्या फटक्याला टाळ्या वाजवायचे. एकट्या माणसाची टाळी रिकाम्या हॉलमध्ये फार वाईट वाजते.

पुढच्या वर्षी काकांनी नियम आणला. पहिले चार संघ निवडायचे, शनिवारी दोन उपांत्य सामने आणि रविवारी अंतिम. काका त्याला ऐटीत 'प्लेऑफ' म्हणतात, बाकी सगळे बाद फेरी. नियम आला आणि गॅलरी भरली. चौथ्या नंबरासाठीसुद्धा मारामारी सुरू झाली. हे मी मान्य करतो, माझ्या एकट्याच्या जिवावर हॉल भरला नसता.

पण त्याबरोबर आणखी एक रीत आली. बाद फेरीआधी माझ्या अंगावरच्या सगळ्या पाट्या उतरवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि मला भिंतीकडे तोंड करून टांगायचं. काका म्हणायचे, "हा समोर दिसला की पोरींच्या मनावर ओझं येतं. आजपासून सगळ्या सारख्या." सहा महिने मोजत उभं राहायचं, आणि शेवटी आपणच ओझं! म्हातारपणी असं ऐकावं लागतं म्हणतात. मी तेव्हा इतका म्हातारा नव्हतोही.

आता भिंगरीबद्दल सांगतो. गेल्या वर्षीची गोष्ट तिची आहे.

भिंगरी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. लग्नाआधी कोर्टवर अशी गरगर फिरायची की नावच भिंगरी पडलं. मूल झाल्यावर परतली, पहिल्याच सरावाला धापा टाकत माझ्याखाली फतकल मारून बसली आणि मैत्रिणीला म्हणाली, "भिंगरी कसली गं, जातं झालंय माझं. एका जागी बसून नुसती घरघर."

तिचं काम चेंडू उचलून द्यायचं. पलीकडे फटका मारते ती दुसरी, टाळ्याही तिलाच. उचलून देणारीचं नाव निघतं ते चेंडू खाली पडला की. भिंगरीला हे काम शोभायचं, कारण आपल्यामुळे काहीतरी खाली पडणार आहे अशी तिला कायमच धास्ती असायची. सराव थांबला की ती धावत फोनकडे जायची.

"आई, झोपलाय? श्वास घेतोय ना नीट?"

फोनमधला तिच्या आईचा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा. "नाही घेत. मी सांगून ठेवलंय त्याला, तुझी आई आल्यावर घे."

तिचा नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. आई एका वसतिगृहात रात्रीच्या देखरेखीला जायची, ती निघायची साडेसातला आणि परतायची सकाळी. भिंगरीची खिडकी साडेपाचला बंद व्हायची. म्हणजे सगळा हिशोब मांडून तिच्या वाट्याला दिवसातला एकच तास उरायचा, सहा ते सात. त्या वर्षी सहाचा तास दवाखान्याकडे होता, कारण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कप जिंकला होता. पुन्हा जिंकला तर तास राहणार. गेला तर भिंगरी खेळातून गेली. हे ती कोणाला सांगायची नाही. रविवारचा सामना संपला की सगळ्या कपडे बदलायला जायच्या आणि ही जाता जाता माझ्या अंगावरच्या दवाखान्याच्या पाटीला बोट लावून जायची, दूध तापलंय का बघावं तसं.

आणि दवाखाना जिंकत गेला. हंगाम संपला तेव्हा त्यांचे अठरा गुण, दहातला एकच सामना हरलेले. बेकरीचे चौदा, डेपोचे बारा, शाळेचे दहा. टपाल आणि शिवणकारखाना तळाशी.

शनिवारी सकाळी काका बिस्किटांचा डबा घेऊन आले. भिंगरी लवकर आली होती.

"काका, पाट्या राहू देत ना."

"अगं, नियम आहे. आजपासून सगळे सारखे."

"सारखे कसे काका? आम्ही सहा महिने—"

"म्हणून तर तुमची गाठ चौथ्या नंबराशी घातलीय. हा मान नव्हे का?"

"मान राहू दे काका, तास द्या."

काका हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग भिंगरीही हसली, कारण समोरचा हसला की आपणच काहीतरी चुकीचं बोललो असं तिला वाटतं.

पाट्या डब्यात खणखणत पडल्या आणि मी भिंतीकडे वळलो.

शनिवारी दवाखान्याने शाळेला हरवलं, डेपोने बेकरीला. रविवारी अंतिम सामना दवाखाना आणि डेपोचा. डेपोची कर्णधार म्हणजे कंडक्टर मावशी. वीसेक वर्षं बसमध्ये ओरडून आवाज असा तयार झालेला की कोर्टवर ती "पुढे सरक!" म्हणाली की गॅलरीतले लोकही सरकायचे.

मी तो सामना फक्त ऐकला. पहिला सेट दवाखान्याने घेतला, दुसरा डेपोने. तिसऱ्यात दोन्ही संघ इतके बरोबरीने चालले होते की गॅलरीतला गोंगाट हळूहळू बसत गेला. ऐकू येत होते फक्त चेंडूवर पडणारे हात. मला हात ओळखू येतात. भिंगरीचे हात चेंडूला लागतात तेव्हा आवाज जवळजवळ होतच नाही. शेवटच्या गुणावर चेंडू उंच गेला, पाचजणी ओरडल्या, "भिंगरी, तुझा!" आणि नेमकं त्याच क्षणी गॅलरीत एक मूल रडलं.

पुढे मला ऐकू आला तो चेंडू लाकडी जमिनीवर पडल्याचा आवाज.

मान वळली होती तिची, हे मला मागाहून कळलं. किती? तेवढीच, हाक आली की वळते तेवढी. आणि रडणारं मूल तिचं नव्हतंच. ती शाळेतल्या शिपाईबाईंची नात होती. भिंगरीचं बाळ आजीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून गाढ झोपलं होतं.

मग डेपोच्या बायकांचा जल्लोष झाला. काकांनी भाषण केलं, शेवटी खेळच जिंकतो वगैरे. खेळाला सरावाचा तास लागत नाही, म्हणून त्याला जिंकायला काय जातंय! मावशीने कप घेतला आणि तास सांगितला, "सहाचा." चिठ्ठ्या निघाल्या. दवाखान्याला पहाटे साडेपाचचा तास आला. कोणीतरी भिंगरीला म्हणालं, "बरं झालं गं, पहाटे हवा छान असते." पहाटे तिची आई अजून वसतिगृहात असते आणि बाळ तिच्या एकटीच्या अंगावर, हे सांगण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं.

दुपारी हॉल रिकामा झाला. आजी बाळाला घेऊन घरी गेली, भिंगरी मात्र मागे राहिली. तिने माझ्या पाठीवरची एक विसरलेली ओढणी काढली, माझी तार सोडवली आणि मला वळवलं. मग जमिनीवर बसून तिने बिस्किटांचा डबा उपडा केला.

तेवढ्यात दार वाजलं. मावशी पाण्याची बाटली विसरली होती.

"काय शोधतेस गं?"

"आमचे अठरा. एक सापडला, आठ कुठे तडमडलाय कोण जाणे."

"सामना झाला, कप आम्ही नेला. आता पाट्या लावून काय करणार?"

"काही नाही मावशी. मला नुसतं बघायचंय. नाहीतर घरी जाऊन वाटेल की आपण जिंकत होतो हे स्वप्नच पडलं होतं. तशीही झोप इतकी कमी झालीय की खरं काय, खोटं काय, कळेनासंच झालंय."

मावशी गुडघे धरत खाली बसली. "सरक जरा. आमचे बारा."

"बाराच? मला वाटायचं चौदा."

"चौदा बेकरीचे. आम्ही चार हरलो. मधल्या महिन्यात डेपोने पाळ्या फिरवल्या नाहीत का? दोघींना लांबच्या गाड्या लावल्या. पाचजणी यायचो खेळायला, एकदा तर चौघीच. तुम्ही आम्हाला हरवलंत तेव्हा पाच होतो. माझ्या डाव्या हाताला माणूसच नव्हतं."

भिंगरीने पाटी हातात तशीच धरली. "आणि मला वाटलं, त्या दिवशी आम्ही काय सुंदर खेळलो!"

"खेळलातच की. मोकळ्या जागेत छान मारत होतात." मावशी हसली. मग म्हणाली, "आणि तुम्ही पूर्ण हंगामात एकच सामना हरलात. कोणाकडून?"

"तुमच्याकडून."

"तेव्हा आम्ही किती होतो?"

"सहा," भिंगरी म्हणाली. "म्हणजे तुम्हीच भारी. मग मी इथे बसून काय रडतेय?"

मी तेव्हा त्यांच्या मध्ये भिंतीला टेकून उभा होतो, अर्ध्या पाट्या लावलेला, अर्धा रिकामा. इतकी वर्षं मी स्वतःला सत्यवचनी समजत होतो. आकडे माझे खरेच होते. पण डेपोच्या आकड्याशेजारी 'पाचजणी' असं टांगायला माझ्याकडे हुकच नाही. बाद फेरीला एकच दिवस दिसतो म्हणून मी तिला नावं ठेवत आलो, आणि मला सगळे दिवस दिसतात पण प्रत्येक दिवसाचा फक्त शेवट दिसतो. तेव्हापासून मी जरा गप्प झालोय. आज का बोलतोय ते विचारू नका.

मावशीने मात्र मान हलवली. "भारी कोण ते एका दुपारी कळतं होय? तुझी मान वळली म्हणून आम्ही जिंकलो. मी समोर होते, मी पाहिलं."

भिंगरी पुन्हा डब्यात आठ शोधायला लागली.

"बसमध्ये कुठलंही पोर रडलं की माझीही मान वळते अजून. माझी पोरं मिशा राखायला लागली तरी वळते. आज माझी पाठ होती तिकडे, एवढंच."

आठ सापडला. तो डब्याच्या झाकणाला चिकटला होता. भिंगरीने तो एकाशेजारी लावला आणि मागे सरकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मावशी, कप एका दिवसाचा आहे," ती म्हणाली. "तो एका दिवसात दिला तर माझं काही म्हणणं नाही. लोक बघायला येतात, मजा येते. पण तास वर्षाचा आहे हो. वर्षाची गोष्ट एका चेंडूवर का ठरवायची? ती सगळ्या सामन्यांवर ठरवावी. चुकत असेल माझं."

"चुकत असेल तर असू दे. मीटिंगमध्ये बोल."

"मी? माझं तोंड उघडलं की आधी 'सॉरी' बाहेर पडतं."

"मग सॉरी म्हणून बोल. कंडक्टर नाही का, आधी सुटे मागतो, मग तिकीट देतो."

भिंगरीने चाचरत विचारलं, "आणि या वर्षीचा तास?"

"तो आमचा," मावशी उठता उठता म्हणाली. "मी काही संत नाही पोरी. माझ्याही चौघींची पोरं घरी दाराकडे बघत असतात."

त्या दोघींनी लावलेल्या आकड्यांत टपालाला दोन गुण जास्त गेले होते. मला ते दिसत होतं, पण सांगणार कसं? पुढे सगळी सुट्टी मी ती चूक अंगावर घेऊन उभा होतो. टपालाच्या बायकांनी ती नक्की पाहिली असणार. एकजण अवाक्षर बोलली असेल तर शपथ.

मीटिंग माझ्यासमोरच झाली, सगळे बाकांवर. भिंगरी उभी राहिली, सॉरी म्हणाली, बोलली, पुन्हा सॉरी म्हणून बसली. काका दुखावले.

"तास गेला तर बाद फेरीला उरलं काय? तुम्ही ती वर्षं पाहिली नाहीत. इथे मी एकटा बसायचो. एकटा टाळ्या वाजवायचो. तळव्यांना कळायचं की हे खोटं चाललंय."

काका खरं बोलत होते. मीही मनात मान डोलावली.

मग मावशी म्हणाली, "काका, कप आहे की. कपाला काही अर्थच नसेल तर तो मला दिलात कशाला? परत घ्या."

सगळे हसले आणि हात वर झाले. ठरलं असं की पुढच्या हंगामापासून कप बाद फेरीचा, पण तास निवडायची पाळी फळ्यावरच्या क्रमाने. भिंगरीने लगेच विचारलं, "मग फळा वळवायचा पण नाही ना?" काका म्हणाले, "एका वेळी एकच सुधारणा." बऱ्याच ओढाताणीनंतर पाट्या अंगावर ठेवायला ते तयार झाले. तोंड मात्र भिंतीकडेच.

त्या वर्षी भिंगरीने खेळ सोडला नाही. का सोडला नाही ते तिलाही सांगता येणार नाही. पहाटे साडेपाचला ती बाळाला दुपट्यात गुंडाळून आणायची आणि चेंडूंच्या टोपलीत झोपवायची, माझ्या अगदी खाली. चेंडू बाहेर, बाळ आत. दर दोन फटक्यांनी ती येऊन टोपलीत डोकावून जायची. बाकीच्या जणी जांभया देत यायच्या, कधी तिघी, कधी चौघी. भिंगरी रोज म्हणायची, "सॉरी गं, माझ्यामुळे तुम्हाला एवढ्या पहाटे..." आणि रोज कोणीतरी म्हणायचं, "गप्प बस आणि चेंडू उचल." बाळ पुढे रांगायला लागलं तेव्हा टोपलीचा काठ धरून उभं राहायचं आणि माझ्या खालच्या हुकाला हात घालायचं. शिवणकारखान्याचा शून्य त्याने चघळलेला आहे. त्यावर अजून दातांच्या खुणा आहेत.

काल सकाळी, मला वळवायच्या आधी, तास ठरले. या हंगामात डेपो पहिला, दवाखाना कसाबसा दुसरा. म्हणजे सहाचा तास पुन्हा डेपोलाच जाणार होता. भिंगरी माझ्याकडे एकदा बघून खाली मान घालून उभी होती. नियमही तिनेच आणलेला, मग आता बोलणार कोणाला?

मावशी म्हणाली, "आम्हाला आठचा द्या. डेपोने पुन्हा पाळ्या फिरवल्यात, सहाला माझ्या अर्ध्या बायका रस्त्यात असतात."

"पुढचा दवाखाना," काका म्हणाले. "बोला."

"सहाचा," भिंगरी म्हणाली. आणि मग, "सॉरी."

आता याला न्याय म्हणायचं, की डेपोच्या वेळापत्रकाची कृपा? मला विचाराल तर मी थकलोय. इतकं मोजून मला एवढंच कळलंय की मोजणाऱ्याच्या नजरेतून थोडंफार सुटतंच. पण एका चेंडूवर सगळं सोडून देण्यापेक्षा बरंच काही मोजून थोडं सुटलेलं मला चालेल. हे माझं मत, आणि मत देणारा तडा गेलेल्या फळ्याचा अर्धा भाग, हे लक्षात असू द्या.

थांबा. तिसरा सेट लागलाय. आज पुन्हा दवाखाना आणि डेपोच. गॅलरीतला गोंगाट बसत चाललाय, मागच्या वर्षीसारखाच. हात ऐकू येताहेत. मावशीचा तो जड, दार लोटल्यासारखा. चेंडू वर गेलाय. "भिंगरी, तुझा!"

गॅलरीत मूल रडलं.

हा आवाज मी ओळखतो. रोज पहाटे माझ्या पायाशी ऐकलेला आहे. या वेळी ते खरोखर तिचंच आहे, आणि नुसतं रडत नाहीये, "आई" म्हणतंय.

मी भिंतीकडे बघत वाट पाहतोय. चेंडू लाकडावर पडल्याचा आवाज मला पक्का माहीत आहे, तो आलेला नाही. तिचे हात लागले की आवाज होतच नाही, हेही मला माहीत आहे.

खेळ चालू आहे. कोण जिंकेल ते जिंको, कप ज्यांना मिळायचा त्यांना मिळो, काकांचे तळवे खऱ्या टाळ्यांनी लाल होवोत. माझी मागणी छोटी आहे. सामना संपला की ज्याचा कोणाचा हा डबा आहे त्याने तो पाठीवरून काढावा, आणि मला सरळ करावं. या वर्षी पाट्या अंगावर आहेत. सहा महिन्यांचे सगळे आकडे पोटाशी धरून मी ओल्या भिंतीला टेकलोय, आणि पत्र्याला गंज फार लवकर चढतो.